हरल्यावर आलेला अध्यक्ष

कळंबच्या सारजाबाई पांढरमिसेला कबड्डीचं वेड होतं. गावाला ते ठाऊक होतं आणि आता त्याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं. कुणाची बायको सोमवारी महादेवाला जाते, कुणाची रविवारी खंडोबाला जाते, म्हस्कूची बायको कबड्डीला जाते, एवढाच काय तो फरक. तिचा नवरा म्हस्कू स्वतःच असं सांगायचा आणि भाकरीचं फडकं खांद्याला अडकवून तिच्या मागोमाग निघायचा. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं. कोण जिंकलं हे तो बायकोच्या तोंडाकडं बघून ओळखायचा.

सारजाचा बाप मेंढरं घेऊन फिरणारा माणूस. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याच्याच बांधाला बिऱ्हाड पडायचं. दिवस मावळायच्या आधी तळावरची पोरं कापणी झालेल्या रानात हुतुतू मांडायची आणि सारजा भावांच्या बरोबरीनं त्यात असायची. पकडीत तिचा हात कुणी धरत नव्हतं. एकदा घोटा हातात आला की मग समोरचा थोरला भाऊ असो नाहीतर चुलता, मातीत गेलाच म्हणून समजा. तेराव्या वर्षी लुगडं अंगावर आलं आणि खेळ सुटला. "खेळायचं सुटलं," ती म्हणायची, "बघायचं सोड असं कुणी म्हणलं न्हवतं."

लग्न होऊन ती कळंबात आली. मेंढरं पुढं विकली गेली, दोन एकरात ऊस आणि जनावरांसाठी कडवळ आलं, पोरी नांदायला गेल्या. बघायचं मात्र चालूच राहिलं. गावात नीरामाई क्रीडा मंडळ होतं आणि त्या मंडळाचा कबड्डीचा संघ होता. संघ जिथं जाईल तिथं सारजा. मैदानाच्या कडेला, मध्यरेषेच्या टोकाशी, फक्कीच्या रेघेपासून हातभर लांब ती मांडी घालून बसायची. आपल्या पोरानं चढाईला पाय टाकला की तिचाही दम सुरू व्हायचा. ओठातल्या ओठात "कबड्डी, कबड्डी, कबड्डी". पोरगं रेघेवर परत येईपर्यंत ती श्वास घ्यायची नाही. चढाई लांबली की तिचा चेहरा तांबडालाल व्हायचा आणि म्हस्कू तिच्या पाठीत हलकीशी थाप मारायचा.

चौऱ्याऐंशी साली नीरामाईनं इंदापूरच्या स्पर्धेची ढाल आणली. इंदापूर आणि बारामती या दोन्ही तालुक्यांतले संघ त्या स्पर्धेला उतरायचे, त्यामुळं त्या ढालीला मोठा मान होता. त्यानंतर मात्र काय झालं देव जाणे. पंच्याऐंशीला हरले, शहाऐंशीला हरले, आणि मग हरायची सवयच लागली. दर वर्षी संक्रांत झाली की इंदापूरला जायचं आणि पहिल्याच फेरीत मार खाऊन दुपारच्या गाडीनं परत यायचं. चांगली पोरं दुसऱ्या गावच्या संघात गेली. ब्याण्णव साली तर मैदानावर पाचच जण पोचले. पंचांनी दया येऊन खेळू दिलं आणि समोरच्यांनी छत्तीस गुणांनी धुतलं. सारजानं सात जणांच्या भाकरी नेल्या होत्या. त्या पाचांनी खाल्ल्या.

"खावा," ती म्हणाली, "हरायलाबी ताकद लागती."

हरण्याचं तिला एवढं वाईट वाटत नव्हतं. हरणं खेळातच असतं. तिला सलायचं ते वेगळंच. मंडळाचे अध्यक्ष होऊन गेले त्यांची एक रीत होती. स्पर्धेच्या दिवशी कडक इस्त्रीचे कपडे घालून यायचं, नारळ फोडायचा, खुर्चीवर बसायचं आणि सामना हातातून जायला लागला की कुणाला न सांगता उठून जायचं. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "पोरं हरली." अकरा वर्षांत तिनं असे तीन अध्यक्ष बघितले होते. चौथा व्हायला कुणी तयार होईना.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. विषय एकच, मंडळ बंद करायचं. शाळेमागचं पटांगण ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या लावायला द्यावं, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. सारजा खांबाला टेकून उभी होती. बायकांनी बैठकीत बोलायची पद्धत नव्हती, आणि बोलायचं म्हटलं तरी काय बोलणार होती?

त्या बैठकीला रामहरी डोंबाळे नावाचा माणूस आला होता. मूळचा कळंबचाच, पण डाळजला हमरस्त्याकडेला त्यानं पोल्ट्री टाकली होती आणि तिकडंच बिऱ्हाड हलवलं होतं. पुतणीच्या सुपारीला म्हणून तो गावात आला होता आणि चहाला थांबला होता. पंचेचाळिशीचा, बुटका, जरासा सुटलेला, सदऱ्याला कोंबड्यांच्या खाद्याचा वास. बंद करायचा ठराव आवाजी मतानं जवळजवळ झालाच होता, तेवढ्यात तो म्हणाला, "कुणी घेत नसंल तर मी घेतो."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "रामहरीराव, तुमाला कबड्डीतलं काय कळतं?"

"कळतं न्हाय म्हणून तर तिकडं अंडी इकतोय," तो म्हणाला. "पण गावाचा संघ बंद पडावा, हे काय मला बरं वाटत न्हाय."

लोक हसले. एकजण हार आणायला निघाला, तर रामहरीनं त्याला खाली बसवलं. "हार नगं मला. ह्या गावानं हार लई बघितलीया."

घरी जाताना म्हस्कूनं विचारलं, "काय वाटतं तुला?"

"बोलतो बरा," सारजा म्हणाली. "येक हार झाली की ह्योबी जाईल."

पण रामहरीनं कामाला हात घातला. ट्रॅक्टर आणून पटांगण नांगरलं, खडे वेचले, चाळलेली माती टाकली. बारामतीहून एक निवृत्त व्यायामशिक्षक आणले, त्यांना सगळे अप्पा मास्तर म्हणायचे. आणि डाळजहून टेम्पोतून अंडी यायला लागली. रोज सकाळी सरावानंतर प्रत्येक खेळाडूला दोन उकडलेली अंडी. आता ती उकडायची कुणी, असा प्रश्न आला. सारजाचं घर पटांगणाला लागूनच होतं.

"माझ्या चुलीवर उकडीन की," ती म्हणाली.

राम नावाचा एक खेळाडू माळकरी होता. तो अंड्याला शिवायचा नाही. त्याच्यासाठी सारजानं शेळीचं दूध ठेवलं. आजूबाजूच्या गावांत ही गोष्ट पसरली आणि नीरामाईला 'अंडीवाला संघ' हे नाव पडलं. पोरं आधी लाजली. मग मांड्या भरायला लागल्या तशी लाजायची थांबली.

रोज पातेलं घेऊन पटांगणाच्या कडेला बसल्यामुळं सारजा आता सरावही बघायला लागली. आणि एक दिवस, दादासो चढाईहून धापा टाकत परत आला तेव्हा, तिच्या तोंडातून निघून गेलं, "मास्तर, ह्येंचा दम वरडण्यात जातोय."

दादासो हा संघाचा कप्तान, चोवीस वर्षांचा, घरचा ऊस करणारा, अंगानं उंचापुरा. अप्पा मास्तर वळले. "काय म्हणालात?"

सारजा गडबडली, पण बोलून तर बसली होती. "मी त्येच्यासंगं दम धरते बघा. मी बारीक म्हणते, तो वरडतो. त्याचा दम सुटतो तवा माझा निम्मा शिल्लक ऱ्हातो. मी पन्नाशीची बाई, तो जवान. असं कसं?"

 मास्तरांनी दादासोला तिच्याशेजारी उभं केलं आणि घड्याळ काढलं. "पंचाला ऐकू जाईल एवढंच म्हणायचं. त्याच्यावर एक शब्द मोठा नको." दोघांनी एकदम दम धरला. सगळा संघ गोल करून बघत होता. पहिल्या खेपेला सारजा जिंकली. दुसऱ्या खेपेला बरोबरी झाली. तिसऱ्या खेपेला दादासो पुढं गेला, आणि सारजाला खोकला आला तो हसण्यामुळं.

त्या दिवसापासून मास्तरांनी सगळ्या संघाला तिच्यासारखं बारीक दम धरायला लावलं. "ह्या बाई कुठं शिकल्या?" त्यांनी रामहरीला विचारलं.

"मेंढरामागं," रामहरी म्हणाला.

शहाण्णवच्या जानेवारीत संघ इंदापूरला गेला. सारजाला आतून खात्री होती की ह्या खेपेला काहीतरी होणार. झालं ते एवढंच की पहिल्या फेरीत छत्तीस गुणांनी हरायच्या ऐवजी एका गुणानं हरले. शेवटच्या मिनिटाला रामची पकड सुटली. येताना सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. रामहरी त्यांच्याबरोबर नव्हता. स्टँडापासून त्यानं डाळजची गाडी धरली होती, आणि सारजानं मनातल्या मनात त्याचाही हिशेब मिटवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, पण चुलीवर पातेलं ठेवलं नाही. सरावाला कोण येणार होतं? थंडी मरणाची होती. ती शेळ्यांपुढं पाला टाकत होती तेवढ्यात एम-एटी मोपेडचा आवाज आला. रामहरी होता. कानाला मफलर, डोळ्यांतून पाणी, आणि मागच्या बाजूला सुतळीनं बांधलेले अंड्यांचे ट्रे. टेम्पो बंद पडला म्हणून भल्या पहाटे तो डाळजहून स्वतः गाडीवर घेऊन आला होता.

त्यानं चुलीकडं बघितलं. "आक्का, चूल पेटवली न्हाय?"

"काल हरली न्हवं पोरं," सारजा म्हणाली.

"पोरं कशी हरतील? आपण हरलो. येका गुणानं." त्यानं सुतळी सोडायला घेतली. "आन हरल्यावर माणसाला भूक लागत न्हाय का?"

 सारजानं काटक्या ओढल्या, फुंकणी घेतली आणि चूल पेटवली. धुरामुळं म्हणा, नाहीतर कशामुळं म्हणा, तिला बराच वेळ वर बघता आलं नाही. अकरा वर्षं आणि तीन अध्यक्ष, पण "आपण हरलो" हे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले होते. पातेल्याला उकळी येईपर्यंत रामहरी पोरांच्या घरोघरी जाऊन सातही जणांना उठवून आला होता. राम यायला तयार नव्हता. त्याला रामहरीनं एम-एटीवर मागं बसवून आणलं, आणि पटांगणावर दगडी रूळ ओढायला दोघंच लागले, अध्यक्ष आणि पकड सोडलेला गडी.

सत्त्याण्णवला संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथं हरला. दुसऱ्या दिवशी रामहरी पुन्हा आला. ह्या वेळी सारजानं चूल आधीच पेटवून ठेवली होती.

अठ्ठ्याण्णवची स्पर्धा मात्र कळंबमध्ये अजून सांगितली जाते. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, उपांत्य फेरी गेली. अंतिम सामना दुपारी चारला होता, समोर बारामतीचा 'अजिंक्य' नावाचा संघ. इंदापूरच्या बाजाराकडून येणारे लोक सायकली टेकवून उभे राहिले. हमरस्त्यावरचे दोन ट्रकवाले ट्रकच्या टपावर चढून बसले. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत रामहरीची खुर्ची होती, पण ती मोकळीच. तो राखीव खेळाडूंजवळ पाण्याची कळशी घेऊन उकिडवा बसला होता. सारजा तिच्या जागी, रेघेच्या टोकाशी.

अजिंक्य संघ तगडा. मध्यांतराला नीरामाई सहा गुणांनी मागं होती. मग हळूहळू राम आणि डाव्या कोपऱ्यावरचा गडी जमून आले, तीन पकडी लागोपाठ झाल्या. सामना संपायला दोन मिनिटं उरली तेव्हा नीरामाई एकच गुण मागं होती आणि समोर अजिंक्यचे तीन गडी उभे होते. दादासो चढाईला निघाला.

सारजानं दम धरला.

दादासो घाई करीना. एकदा उजवीकडं गेला, एकदा डावीकडं, ओठ नुसते हलत होते. पंच कान पुढं करून ऐकत होते. मग त्यानं एकदम पाय फेकला आणि मधल्या गड्याच्या गुडघ्याला अंगठा लावला. वळला, तोच कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. दादासो तोंडावर पडला. रेघ त्याच्यापासून दोन हात लांब. सारजाच्या कानात घूं व्हायला लागलं. दादासो सरपटत होता, त्याचा दम चालू होता, अगदी बारीक, पण चालू. घोटा धरणारा सोडत नव्हता आणि दादासो थांबत नव्हता. मातीत बोटं रोवून त्यानं स्वतःला ओढलं आणि मधलं बोट रेघेला लागलं.

पंचानं दोन बोटं वर केली. शिवलेला आणि धरणारा, दोघंही बाद.

"सारजे, श्वास घे," म्हस्कू म्हणाला आणि ह्या वेळी त्यानं चांगलीच थाप मारली.

उरलेल्या वेळात अजिंक्यचा चढाईपटू आला आणि कुणी हाताला लागेना म्हणून तसाच परत गेला. शिट्टी वाजली. नीरामाई एका गुणानं जिंकली. चौदा वर्षांनी.

लोक मैदानात धावले. सारजा जागची उठली नाही.  पोरं तिला शोधत आली, दादासोनं एका काखेत धरलं, रामनं दुसऱ्या, आणि तिला उचलून ढालीपाशी नेलं. तिनं ढालीवर हात फिरवला. म्हस्कूनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारायची गरज नाही हे त्याला कळलं.

संध्याकाळी ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा हलगी होती, गुलाल होता, सगळं होतं. दुसऱ्या आठवड्यात सत्कार झाला. आमंत्रित मंडळींनी भाषणं केली. पूर्वीचे एक अध्यक्षही बोलले आणि "आपण जिंकलो" असं चार वेळा म्हणाले. रामहरी भाषणाला उभा राहिला, "कोंबड्यांस्नी खायला घालायची येळ झाली" एवढंच म्हणाला आणि गेला. त्याला कुणी हारही घातला नाही, कारण त्यानंच नको म्हणून सांगितलं होतं.

हे सारजाला पटलं नाही. दोन दिवस तिनं विचार केला. तिसऱ्या दिवशी ती म्हस्कूला म्हणाली, "डाळजला जाऊ या."

"कशाला?"

"त्या माणसाला सांगायचं हाय."

"काय सांगायचंय?"

"ते तितं गेल्यावर सुचंल."

इंदापुरात गाडी बदलून दोघं डाळजला उतरली. सारजाच्या पिशवीत टॉवेल, टोपी, खण आणि दोन नारळ. पोल्ट्रीच्या शेडमध्ये हजारभर कोंबड्या एकदम ओरडत होत्या. रामहरी अंडी गोळा करत होता. त्यानं दोघांना बघितलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला.

"आक्का? काय काम काढलं?"

"काम न्हाय," सारजा म्हणाली.

रामहरीला ते खरं वाटेना. त्याच्याकडं लोक यायचे ते काहीतरी मागायलाच. "जत्रंला कोंबड्या पायजेत का?"

"न्हाय."

"जावयाला कामाला लावायचाय? हितं जागा हाय येक."

"न्हाय वं."

"मंग टेम्पो? कुणाचं लगीन हाय?"

"रामहरीराव, कायबी नगं," सारजा म्हणाली. कोंबड्यांच्या गलक्यात आवाज पोचेना म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं. गाडीत बसून तिनं मनात जुळवलेलं सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. "तुमी हरल्यावर आला. जिंकल्यावर समदी येत्यात. तुमी हरल्यावर आला, दोनदा आला. त्येच सांगायला आलोय."

 रामहरीनं हात सदऱ्याला पुसले, मग पुन्हा पुसले. म्हस्कू पुढं झाला आणि त्यानं रामहरीच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. टोपी एक माप मोठी होती, ती कानांवर आली. सारजानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ हातात दिला.

"मुक्ते," रामहरीनं घराकडं तोंड करून हाक मारली. "बाहेर ये जरा."

त्याची बायको मुक्ताबाई पदराला हात पुसत आली. टोपीतल्या नवऱ्याला बघून आधी तिला हसू आलं. सारजानं तिची खणा-नारळानं ओटी भरली आणि कशासाठी ते सांगितलं, तेव्हा तिनं हसणं थांबवलं. "दोन वरसं हे सकाळचं निघून जात्यात," ती सारजाला म्हणाली. "मला वाटायचं, तितं ह्येंची आठवणबी कुणी काढत नसंल."

"आमच्या गावात रोज काढत्यात," म्हस्कू म्हणाला. तो एरवी कमी बोलायचा, त्यामुळं सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "अंडी सोलताना."

मग चहा झाला, पोहे झाले. जेवल्याशिवाय मुक्ताबाईनं सोडलं नाही. रामहरीनं टोपी काढली नाही. जेवताना सारजानं त्याला पुढच्या वर्षाचं सांगितलं. उजवा कोपरा लवकर सुटतो, त्याला थांबायला शिकवलं पाहिजे, आणि राखीव पोरांतला डाळजचाच एक गडी आहे त्याला आता उतरवायला हरकत नाही. रामहरी मान हलवत ऐकत होता. मधेच म्हणाला, "आक्का, मंडळाच्या कमिटीत तुमचं नाव घालायचंय. सदस्य म्हणून. न्हाय म्हणू नगा."

"मला सही येत न्हाय."

"दम येतो न्हवं? मंग झालं."

पुढं ती सदस्य झाली, तिचा अंगठा मंडळाच्या कागदावर उमटला. नव्याण्णवला नीरामाई पुन्हा अंतिम फेरीत हरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आणि सदस्य दोघंही चुलीपाशी हजर होते. पण ते नंतरचं. त्या दिवशी निघताना मुक्ताबाईनं तीस अंड्यांचा ट्रे म्हस्कूच्या हातात दिला आणि नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत म्हस्कू ट्रे मांडीवर घेऊन, पाय घट्ट जुळवून बसला. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळली की तो ट्रेसकट वर उचलला जायचा. कंडक्टरनं अंड्यांकडं बघून विचारलं, "कळंबचे का?"

"व्हय."

"अंडीवाला संघ. ऐकलं म्या. कसं काय जिंकला ओ?"

पुढच्या बाकावर बसलेला एक बारामतीचा गडी वळला आणि म्हणाला, "पंचांनी दिला सामना. न्हायतर अजिंक्य कुठला हरतोय."

म्हस्कूनं डोळे मिटून घेतले. आता काय होणार हे त्याला कळलं होतं. सारजानं पदर खोचला, पुढच्या बाकाची दांडी धरली आणि सामन्याच्या पहिल्या चढाईपासून सुरुवात केली. कोण कुठं उभा होता, कुणाचा पाय कुठं पडला, पंच कुठल्या बाजूला होते, सगळं. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मागचे लोक पुढं सरकले. बारामतीचा गडी दोनदा काहीतरी म्हणायला गेला आणि दोन्ही वेळा कंडक्टरनंच त्याला गप्प बसवलं. इंदापूर स्टँडात गाडी शिरली तेव्हा तिच्या सामन्याचं मध्यांतर नुकतंच झालं होतं, आणि उतरायला कुणी तयार नव्हतं.